पाणथळीतील परदेशी गवते : ओळख आणि गफलत

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

गावतळ्याच्या बांधावर उभे राहून समोरच्या हिरव्या पट्ट्याकडे बोट दाखवावे आणि "हे काय आहे?" असे विचारावे, तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : "गवत." उत्तर चूक नाही. परंतु तळ्याच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात "गवत व झुडपे काढणे" अशी एकच बाब लिहिली जाते आणि तिच्या आधारावर तळ्याचा काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडून काढला जातो, तेव्हा या अपुऱ्या उत्तराची किंमत मोजावी लागते. उपटले जाते ते पुष्कळदा देवभात असते, ज्याच्या दाण्यांवर पाणपक्षी पोसतात. आणि चिखलात तुकड्यातुकड्यांनी राहून जाते ते परदेशातून आलेले गवत, जे पुढील एकदोन पावसाळ्यांत मोकळी झालेली सारी जागा आपलीशी करते. पैसा खर्च होतो, श्रम होतात आणि तळे होते त्याहून अधिक भरून येते.

ही चूक टाळण्यासाठी कोणाला वनस्पतिशास्त्राची पदवी घ्यावी लागत नाही. हाताशी एक धारदार चाकू, शाळेतील साधे भिंग आणि वाकून पाहण्याची तयारी एवढे भांडवल पुरेसे आहे.

प्रथम जे गवत नाही ते बाजूला काढावे. ज्याचा दांडा बोटांत फिरवून पाहता तीन कडा लागतात, तो लव्हाळ्याच्या कुळातला. ज्याला उन्हाळ्याच्या सुमारास तपकिरी मखमलीच्या कांडीसारखे कणीस येते, ते पाणकणीस. या दोहोंचा विचार येथे करावयाचा नाही. खऱ्या गवताचा दांडा गोल असतो, त्याला ठिकठिकाणी पेरे असतात आणि पाने दोन ओळींत लागलेली असतात. ऊस, ज्वारी, भात, बांबू ही सारी त्याच कुळातली.

खरी कसोटी यापुढे लागते. गवते एकमेकांसारखी दिसतात, कारण आपण त्यांच्याकडे लांबून पाहतो. पानाचा रंग, उंची, दाटी या गोष्टी पाणी, खत आणि ऊन यांप्रमाणे बदलतात. त्यांवर भिस्त ठेवली की फसगत ठरलेली. न बदलणाऱ्या खुणा चार ठिकाणी असतात : पेऱ्यावरील गाठ, पान आणि त्याचे दांड्याला वेढणारे आवरण जेथे मिळतात तो सांधा, दांड्याचा आडवा छेद आणि फुलोरा. यांतील दुसरी खूण भातपट्ट्यातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आला आहे, जरी त्याने तिला शास्त्रीय नाव दिलेले नाही. कोवळ्या भाताच्या पानाचे पाते दांड्यापासून हलकेच मागे वाकवले, तर सांध्याशी आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा उभा दिसतो आणि दोन्ही कडांना बारीक कानासारखे आकडे दिसतात. त्या पापुद्र्याला जिव्हिका म्हणतात. भातात उगवणारे सावा वर्गातील तण रोपावस्थेत भातासारखेच दिसते. पण त्याच्या सांध्याशी ना जिव्हिका असते, ना कान. निंदणी करणारी बाई ज्या सहजतेने दोन रोपांतले एक उपटते, ती सहजता या एका निरीक्षणावर उभी आहे. तलावाकाठच्या गवतांना हेच निरीक्षण लावावयाचे, इतकेच.

आता परदेशी पाहुण्यांकडे वळू. आपल्याकडे पाणथळ जागी सर्वांत जास्त भेटणारा पाहुणा म्हणजे पॅरा गवत. हे मूळचे आफ्रिकेतील. गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांतून अंथरूण म्हणून ते ब्राझीलला पोहोचले असे सांगितले जाते, आणि तेथील पारा या प्रांताचे नाव त्याला चिकटले. आपल्या देशात ते चारापीक म्हणून मुद्दाम आणले गेले. त्यात गैर काही नव्हते. जेथे दुसरा चारा कुजून जाईल अशा दलदलीत ते जोमाने वाढते, महिन्या-सव्वामहिन्याने कापणीला येते आणि म्हशी ते आवडीने खातात. 1949 साली मुंबईजवळ आरे येथे दुग्धवसाहत उभी राहिली, तेव्हा तेथील गोठ्यांच्या सांडपाण्यावर हेच गवत वाढवून म्हशींना घालण्याची व्यवस्था झाली. शहरांच्या कडेला, नाल्यांच्या काठी, मैलापाण्यावरील शेतांत आजही त्याची लागवड दिसते. शास्त्रीय ग्रंथांत पूर्वी त्याचे नाव ब्रॅकिॲरिया म्यूटिका असे होते. आता त्याला युरोक्लोआ म्यूटिका म्हणतात. जुने पुस्तक आणि नवा अहवाल यांत वेगवेगळी नावे आढळली, तर ती दोन गवते आहेत असे समजू नये.

त्याची ओळख गाठीवरून पटते. पॅरा गवताचा दांडा हातात घेऊन पेऱ्यावर बोट फिरवावे. पांढऱ्या मऊ केसांचे दाट वलय बोटाला लागते. पानाच्या आवरणावरही केस असतात. दांडा चाकूने आडवा कापला तर आत पोकळ असतो. सांध्याशी जिव्हिका आखूड असून तिला केसांची झालर असते. फुलोऱ्यात एका मधल्या दांडीवर दोन्ही बाजूंना अनेक कणिशे ओळीने लागलेली असतात आणि त्यांवर सुमारे तीन मिलिमीटर लांबीची, बहुधा जांभळट झाक असलेली कणिशके जोडीजोडीने बसलेली दिसतात. टोकाला कूस नसते. जमिनीवर किंवा पाण्यावर पसरणारी त्याची धावती खोडे कित्येक मीटर लांब जातात आणि प्रत्येक पेऱ्यापाशी मुळे धरतात. बी मात्र फारसे धरत नाही. ही गोष्ट विशेष ध्यानी ठेवण्याजोगी आहे, कारण त्याचा प्रसार मुख्यतः तुकड्यांनी होतो. एक पेरे असलेला तुकडा म्हणजे एक रोप. नाला साफ करताना कापलेले पॅरा गवत काठावरच टाकून दिले आणि वरून पाऊस झाला, म्हणजे आपण नाला साफ केला नसून खाली लागवड केली असा अर्थ होतो.

गोंधळ होतो तो सावा वर्गातील गवतांशी. तीही ओल्या जागी वाढतात, त्यांचा फुलोराही दुरून तसाच दिसतो. परंतु त्यांच्या सांध्याशी जिव्हिका नसते, गाठींवर तसे दाट पांढरे वलय नसते आणि आपल्याकडील नेहमीच्या जाती एका हंगामात संपतात. धावत्या खोडांचे जाळे विणीत बसत नाहीत. शिवाय त्यांचे दाणे पक्षी खातात. जिव्हिकेची एक खूण तपासली असती तर जे वाचले असते, ते असे सरसकट कापले जाते.

सारखेपणाचा हा घोळ केवळ आपल्याकडे आहे असे नव्हे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात तो फार मोठ्या प्रमाणावर घडला, आणि शासनयंत्रणेतील मंडळींनी त्याचा तपशील जाणून घेण्यासारखा आहे. तेथे 1880 च्या सुमारास पॅरा गवत आणले गेले. पुढे पावसाळ्याचे पाणी बांध घालून अडवावयाचे आणि त्यात गुरांसाठी पाणगवते वाढवावयाची, अशी पद्धत रूढ झाली. पॅरा गवत खोल पाण्यात तग धरत नाही, म्हणून अधिक खोल पाण्यात वाढणाऱ्या आणखी दोन गवतांचा पुरस्कार करण्यात आला : एक अमेरिकेतील अलेमान गवत आणि दुसरे दक्षिण व मध्य अमेरिकेतील हायमेनॅक्नी ॲम्प्लेक्सिकॉलिस. हे दुसरे गवत 1988 साली "ऑलिव्ह" या नावाने चाऱ्याचे अधिकृत वाण म्हणून शेतकऱ्यांच्या हाती देण्यात आले. ते बांधाच्या आत राहिले नाही. पुराबरोबर ओढ्यांत, उसाच्या पाटांत, नद्यांच्या संथ पात्रांत शिरले. अवघ्या अकरा वर्षांनी, 1999 साली, राष्ट्रीय महत्त्वाच्या 20 तणांच्या यादीत त्याचा समावेश करावा लागला. शासनानेच दिलेले वाण शासनालाच तण म्हणून जाहीर करावे लागावे, इतक्या थोड्या काळात असे क्वचितच घडले असेल.

आणि निर्मूलनाचे काम सुरू होताच ओळखीचा प्रश्न उभा राहिला. उत्तर ऑस्ट्रेलियात याच वंशातले एक देशी गवत आहे, हायमेनॅक्नी ॲक्युटिग्लुमा. तेही पाण्यातच वाढते, त्याचाही फुलोरा लांब कणसासारखा असतो, त्याच्याही दांड्यात पांढरा भेंडासारखा गर भरलेला असतो. परदेशी गवत समजून ते उपटले, तर पाणथळीचे नुकसान आपल्याच हाताने होते. फरक पानाच्या बुडाशी आहे. परदेशी गवताचे पान बुडाशी हृदयाच्या आकाराचे रुंद होते आणि दांड्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेते. देशी गवताचे पान अरुंद असते आणि दांड्याला तशी मिठी मारीत नाही. एवढ्या एका खुणेवर निर्मूलनाचे सारे काम अवलंबून राहिले. पॅरा गवत या दोहोंपासून ओळखणे तुलनेने सोपे : दांडा पोकळ निघाला आणि गाठ केसाळ लागली की शंका उरत नाही.

त्याच देशाच्या उत्तरेकडील काकाडू राष्ट्रीय उद्यानाची हकिगतही येथे सांगावयास हवी. तेथे आशियातून नेलेल्या आणि पुढे रानटी झालेल्या म्हशींनी पाणथळींची फार नासधूस केली होती. गुरांतील क्षय व ब्रुसेलोसिस या रोगांच्या निर्मूलनासाठी 1980 नंतरच्या दशकात त्या मोठ्या प्रमाणावर हटविण्यात आल्या. पाणथळी सावरू लागल्या, हे खरे. पण म्हशींच्या तोंडाखाली दबून राहिलेले पॅरा गवतही त्याबरोबर मोकळे झाले आणि पूरमैदानांतील रानभाताच्या जागा व्यापू लागले. हंसासारखे तेथील मोठे पाणपक्षी त्या रानभातावर अवलंबून असतात. म्हैस चांगली की वाईट, या प्रश्नाला तेथे एका शब्दात उत्तर देता येत नाही.

याच्याशी जुळणारी, किंबहुना अधिक बोचणारी गोष्ट आपल्या देशात घडली आहे. परंतु ती सांगण्यापूर्वी त्या गवताची ओळख करून घेतली पाहिजे. त्याचे नाव पॅस्पॅलम डिस्टिकम. आपला कोद्रा याच वंशातला. मात्र कोद्रा आपला, आणि हे गवत मूळचे अमेरिका खंडातील मानले जाते. ते जमिनीलगत पसरते, गाठीगाठीला मुळे धरते आणि पहिल्या नजरेत दूर्वेसारखे दिसते. दूर्वेचा फुलोरा हाताच्या बोटांप्रमाणे तीन ते सहा कणिशांचा, सारी एकाच बिंदूतून निघालेली. या गवताला बहुधा दोनच कणिशे येतात आणि ती गुलेरीच्या बेचक्यासारखी फाकलेली असतात. क्वचित खाली एखादे तिसरे असते. दूर्वेची जिव्हिका म्हणजे केसांची बारीक ओळ. याची म्हणजे पातळ पापुद्रा. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी शाळेतल्या मुलांना दोन्ही आणावयास सांगितली, तर हा पाठ शिक्षकाला वेगळा शिकवावा लागणार नाही.

याचे एक जुळे भावंड समुद्रकाठी राहते : पॅस्पॅलम व्हजायनॅटम. कोकण व गोव्यातील खाजणजमिनींत, खाऱ्या पाण्याच्या काठी ते आढळते. त्यालाही दोनच कणिशे, तशीच बेचक्यासारखी. या दोहोंनी शास्त्रज्ञांनाही शतकानुशतके चकविले. लिनियसने 1759 साली दिलेले डिस्टिकम हे नाव कधी एकाला तर कधी दुसऱ्याला लावले गेले, आणि त्यामुळे जुन्या वनस्पतिसूचींत डिस्टिकम वाचून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. भिंगाखाली मात्र फरक स्पष्ट आहे. गोड्या पाण्यातील गवताच्या कणिशकाच्या वरच्या तुषावर बारीक लव असते. खाऱ्या पाण्यातील गवताचे तुष गुळगुळीत असते आणि कणिशक अधिक निमुळते, चपटे असते. त्याची पाने ताठ, अरुंद आणि पुष्कळदा आत वळलेली असतात. हा केवळ पुस्तकी भेद नव्हे. बांध घालून खारे पाणी थोपविलेल्या शेतात अजूनही गुळगुळीत तुषाचे गवतच फोफावत असेल, तर जमिनीतील क्षार पुरते धुऊन गेले नसावेत अशी शंका घेण्यास जागा आहे. अर्थात एवढ्यावरून पेरणीचा निर्णय घेऊ नये. माती तपासणीला पर्याय नाही.

आता ती गोष्ट. राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव हे सुमारे 29 चौरस किलोमीटरचे पक्ष्यांचे जगप्रसिद्ध आश्रयस्थान. भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तेथील पाण्यात चरत असत. 1982 साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि कायद्यानुसार चराई बंद करण्यात आली. चराईमुळे पाणथळीची हानी होते, हे त्या वेळचे जाणत्यांचे मत होते. गावकऱ्यांनी विरोध केला, त्या वर्षाच्या अखेरीस संघर्ष पेटला, गोळीबार झाला आणि माणसे दगावली. त्यानंतर जे घडले त्याची कोणी कल्पना केली नव्हती. म्हशींचे चरणे थांबताच पॅस्पॅलम गवत बेसुमार वाढले. उथळ पाण्यावर त्याचे गालिचे पसरले, उघडे पाणी आकसले, कुजणाऱ्या गवताचा थर तळाशी साचू लागला. बदकांना उतरावयास उघडे पाणी लागते, माशांना श्वासावयास प्राणवायू लागतो. दोहोंची अडचण झाली. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे त्या दशकात दीर्घकाळ अभ्यास केला. डॉ. सलीम अलींच्या या संस्थेनेच अखेर असा निष्कर्ष काढला की, म्हशी त्या पाणथळीच्या शत्रू नव्हत्या. गवत काबूत ठेवण्याचे काम त्याच करीत होत्या. पुढे गावकऱ्यांना हाताने गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली.

केवलादेवला हिवाळ्यात येणारे सायबेरियन क्रौंच 2002 नंतर तेथे दिसलेले नाहीत. त्याचे खापर कधीकधी या गवतावर फोडले जाते. ते न्याय्य नाही. त्या पक्ष्यांच्या हजारो किलोमीटरांच्या प्रवासमार्गावर झालेली शिकार हे त्यामागचे मोठे कारण आहे. परंतु चराईबंदीचा आदेश लिहिणाऱ्यांच्या समोर "गवत" हा एकच शब्द नसता, आणि म्हशी खातात ते गवत नेमके कोणते, त्याची वाढ कशी होते, ते कोण खाते, याची टिपणी जोडलेली असती, तर कदाचित आदेशाचे स्वरूप निराळे झाले असते. त्या पाण्याकाठच्या गुराख्यांना हे गवत ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नाही.

महाराष्ट्रातील स्थिती पाहता भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांचा उल्लेख अगत्याने करावा लागतो. तेथील मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले. त्यांच्या उथळ काठांवर देवभात, लव्हाळे, कमळे, पाण्याखालची शेवाळासारखी झुडपे अशी एकात एक गुंतलेली वस्ती असते. सारस पक्ष्यांच्या उरल्यासुरल्या जोड्या याच परिसरातील शेते आणि तलाव यांच्या आधाराने राहतात. ढिवर समाजातील मासेमारांना कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा अंडी घालतो हे तोंडपाठ असते. अशा तलावाचा गाळ काढण्यापूर्वी ग्रामपंचायतीने दोन माणसांना बरोबर घेऊन काठाने एक फेरी मारावी : एक म्हैस चारणारा आणि एक जाळे टाकणारा. कोणते गवत पूर्वी नव्हते, कोणते दहा वर्षांत वाढले, कोणते गुरे खातात आणि कोणते टाळतात, ही माहिती कोणत्याही कार्यालयातील नस्तीत नसते.

पॅरा गवत काढावयाचे ठरले तर त्याचे मोकळे ढीग पाण्याच्या कडेला ठेवू नयेत. उंच, कोरड्या जागी नेऊन वाळवावे. पुराच्या आधी काढावे, पुरानंतर नव्हे. ओढ्याच्या काठी देशी झाडे लावल्यास ते मागे हटते, कारण त्याला सावली मानवत नाही. जेथे ते सांडपाण्यावर वाढले आहे तेथे चारा म्हणून वापरण्यापूर्वी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा; अशा गवतात नायट्रेट आणि जड धातू साठण्याचा संभव असतो. परंतु ज्याच्या दारी दोन म्हशी आहेत आणि उन्हाळ्यात दुसरी हिरवळ नाही, त्याच्याकडून हे गवत काढून घेताना दुसऱ्या चाऱ्याची सोय आधी दाखवावी लागेल, ही गोष्टही नजरेआड करून चालणार नाही.

शंका उरली तर नमुना पाठवावा. महाराष्ट्रात त्यासाठी जुनी परंपरा आहे. ब्लॅटर आणि मॅककॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ 1935 सालचा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र येथे गवतांचे नमुने जतन केलेले आहेत. पाठवावयाचा नमुना म्हणजे मूठभर कापलेली पाने नव्हेत. मूळ, धावत्या खोडाचा एक पेरे असलेला भाग, पान व सांधा आणि पुरता उमललेला फुलोरा एवढे असावे. चिखल धुऊन ते वर्तमानपत्राच्या घडीत पसरावे, वर वजन ठेवावे आणि पहिले चार दिवस कागद रोज बदलावा. नाहीतर पाणगवते काळी पडतात. सोबत चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, पाण्याची खोली, पाणी गोडे की खारे, गुरे खातात की नाही आणि स्थानिक नाव लिहावे. दांडा पोकळ होता की भरीव, हे ताजेपणीच पाहून नोंदवावे, कारण वाळल्यावर ते नीट कळत नाही. पावसाळा ओसरून थंडी पडेपर्यंतच्या आठवड्यांत यातील बहुतेक गवते फुलोऱ्यावर असतात, आणि शाळाही तेव्हा चालू असतात.